सरफेस क्लीनरची नोझल निवडताना या चुका टाळा

पावसाळा सरला की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर शेवाळाचा काळा थर उरतो आणि सरफेस क्लीनरला मागणी येते. हा म्हणजे जोरदार पाण्याच्या पंपाला गनऐवजी जोडायचा गोल घुमट, ज्याच्या आत टोकांना नोझल लावलेला आडवा दांडा, म्हणजे आर्म, फिरत असतो. पंप नवा, क्लीनर नवा, तरी फरशीवर अर्धवट निघालेले गोल पट्टे. अशा वेळी पंप उघडण्याआधी नोझल काढून त्यावरचा नंबर वाचा. दुखणं बहुतेकदा तिथंच असतं.

गनचंच नोझल दोन्ही टोकांना

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा पंपाच्या नेमप्लेटवर मिनिटाला 15 लिटर पाणी आणि 200 बार दाब लिहिलंय. गनला 25045 नोझल आहे: पहिले दोन आकडे फवाऱ्याचा कोन, 25 अंश, उरलेले भोकाचा नंबर, 4.5. गडी दुकानात जाऊन "हेच दोन द्या" म्हणतो आणि क्लीनरच्या आर्मला दोन्हीकडे पिळतो. पाण्याला वाट दुप्पट झाली, पंप मात्र पाणी तितकंच देतो. दाब 200 वरून 53 बारच्या आसपास येतो. आर्म फिरतो, आवाज होतो, पाणी वाहतं, शेवाळ जागच्या जागी. मग मेकॅनिक येतो, व्हॉल्व्ह आणि सील बदलतो, बिल फाडतो. गेजचा काटा होता तिथंच. क्लीनर काढून गनला जुनं नोझल लावून पाहिलं असतं तर पंप ठणठणीत आहे हे दोन मिनिटांत कळलं असतं. पण तेवढा धीर कुणाला असतो?

हिशेब एकदाच करायचा असतो. नोझलचा नंबर म्हणजे 4000 पीएसआय (दाबाचंच दुसरं माप) दाबाला मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जाईल तो आकडा. लिटरला 3.785 ने भागा, बारला 14.5 ने गुणा. 15 लिटर म्हणजे 3.96 गॅलन, 200 बार म्हणजे 2900 पीएसआय. आता 4000 ला 2900 ने भागून वर्गमूळ काढा: 1.17. त्याला 3.96 ने गुणलं की एकूण नंबर साधारण 4.65. आर्मला दोन नोझल असतील तर दोनने भागा, चार असतील तर चारने. दोनला 2.3 आलं. बाजारात 2 आणि 2.5 सहज मिळतात, 2.5 घ्या, म्हणजे 25025. दाब 173 बारच्या आसपास राहील आणि शेवाळ काढायला तो पुरून उरतो. घरगुती 8 लिटर, 130 बारच्या यंत्राला याच हिशेबाने दोन 25015 येतात.

खोक्यावर छापलेला आकडा पुष्कळदा कमाल दाबाचा असतो, तो हिशेबात धरू नका. पाण्याची खात्री बादलीने करा: गनचं नोझल काढून 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 15 लिटर. 50 सेकंद लागले तर मिळतायत 12 लिटर. आधी नळाचा प्रवाह आणि गाळणी बघा.

"बारीक भोक, जास्त दाब"

वरच्या यंत्राला 2 नंबरची दोन लावली तर सगळं पाणी बाहेर काढायला 270 बार लागतील. पंप तिथवर जाण्याआधी 200 ला अनलोडर, म्हणजे जादा दाबाचं पाणी परत वळवणारा व्हॉल्व्ह, उघडतो. फरशीवर 13 लिटरच पडतं, उरलेलं दोनेक लिटर आतल्या आत फिरून पंप तापवत राहतं. सरफेस क्लीनरमध्ये मळ वाहून नेतं ते पाणी, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच कमी झालं. काही महाभाग यावर उपाय म्हणून अनलोडरचा स्क्रू आवळतात. तो हात लावायचा भाग नाही. पाइप फुटला तर समोर माणूस उभा असतो.

एकच नोझल बदलणं

दोन्ही टोकांचा रेटा सारखा असेल तरच आर्म शांत फिरतो. एक नवं, एक झिजलेलं असलं की क्लीनर थरथरतो आणि स्विव्हलचं, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो त्या सांध्याचं, बेअरिंग नि सील जातं. त्याच्या किमतीत नोझलच्या कित्येक जोड्या येतात. भोक झिजून 10 टक्के जास्त पाणी जाऊ लागलं तर दाब जवळपास 17 टक्के पडतो, डोळ्यांना भोकात फरक दिसत नाही. म्हणून नवी जोडी लावली त्या दिवशीचं गेज रीडिंग क्लीनरच्या हँडलवर मार्करने लिहून ठेवा. तेवढ्याच पाण्यावर दाब दहा-पंधरा टक्के खाली आला की जोडी बदला. एक चांगलं दिसतंय म्हणून ठेवू नका.

अचानक थरथर सुरू झाली तर मात्र झीज नव्हे, कचरा. यंत्र बंद करून ट्रिगर दाबा, उरलेला दाब सोडा, मग नोझल काढून पुढच्या बाजूने, म्हणजे उलट दिशेने, पाणी मारा. बोअरच्या पाण्याचा क्षार बसला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवा. ड्रिल बिट घालू नका. भोक मोठं झालं की नोझल गेलं. अडकलेला कचरा कित्येकदा आपल्याच टेफ्लॉन टेपचा तुकडा असतो, म्हणून टेप लावताना टोकाचे एक-दोन आटे मोकळे ठेवा आणि नोझल चढवण्याआधी पाइपमधून पाणी सोडून घ्या.

किरकोळ, पण रोजचं

15025 आणि 25015 यांची अदलाबदल. आकडे तेच, नोझल वेगळी.

शून्य अंशाचं नोझल क्लीनरला लावू नका, फरशीवर गोल रेघा कोरल्या जातात. 25 अंशावर बहुतेक कामं होतात.

नोझलवरची खाच आर्मच्या रेषेत हवी. आडवी राहिली तर पट्टा अरुंद होतो आणि मधली जागा सुटते.

8 लिटरच्या यंत्राला 20 इंची क्लीनर घेऊ नका, 12 इंची पुरे.

नंबर बरोबर असून पट्टे येत असतील तर चाल कमी करा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर तिसरा हिस्सा चढवा.

पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतली वाळू उडत असेल, शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटत असतील, तर दोन्ही नोझल एक नंबर मोठी लावा: 2.5 ऐवजी 3. त्याच पंपावर दाब 120 बारपर्यंत उतरतो. वाळू तरीही थोडी जाणारच. फरशी वाळल्यावर सांधे पुन्हा भरायचं काम कोटेशनमध्ये आधीच लिहा.