जुन्या विणकामाच्या सुया: आधी मोजा, मग पुसा

आजीच्या डब्यातून विणकामाच्या सुया निघाल्या की हात आधी फडक्याकडे जातो. थांबा. मागच्या टोपीवरचा पुसट नंबर घासताना निघून गेला तर पुढचं काम वाढतं.

आधी जोड्या लावा. रंगावरून नाही, जाडीवरून. व्हर्नियर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) दांड्याच्या मध्यावर लावायचा, कारण टोकाकडे सुई निमुळती असते. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर बहुधा ब्रिटिश नंबर असतात आणि त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ म्हणजे ४ मिमी, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकन नंबर उलटे चालतात. तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची. डब्यात ९ आणि १० यांची जोडी हमखास लागलेली असते. तिच्यावर विणलं की एक ओळ सैल, एक घट्ट. स्वेटरवर आडवे पट्टे दिसतात आणि दोष विणणारीला जातो.

आता सफाई. अ‍ॅल्युमिनियमच्या सुया कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवा. धुण्याचा सोडा नको, तो हा धातू खातो. राखाडी थर उडालेली सुई पांढऱ्या फडक्यातून दहा वेळा ओढा. काळी रेघ उमटली तर ती गडद लोकरीसाठीच ठेवा. वाकलेली सुई अंगठ्यांनी थोडी थोडी सरळ करा. पुन्हापुन्हा वाकवली की मोडते, म्हणून किंचित बाक राहिला तर राहू द्या.

पोलादी सुईचा गंज ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, लांबीच्याच दिशेने काढा. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावून कोरडी पुसा. तेल राहिलं तर लोकरीला डाग पडतो. बांबूची सुई पाण्यात बुडवू नका. तंतू उभे राहतात आणि लोकर अडकते.

अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर सुई सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची. ती पटकन पेट घेते, म्हणून तापवून पारख करू नका. जुनी झाली की तिच्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या धातूच्या सुया गंजतात. ती वेगळी, कागदात गुंडाळून, हवेशीर जागी ठेवा.

बाकीच्या जोड्या सुती दोऱ्याने बांधा. रबर बँड उन्हाळ्यात चिकटतो आणि त्याचा डाग निघत नाही.