थकलेलं बिल आणि उद्यम नंबर

मसाल्याच्या पाकिटांचं शूट दिलं, फोटो छापून बाजारात आले, पण पैसे? "अकाउंट्सला पाठवलंय, सर." शेवटी सीएच्या सांगण्यावरून उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केली. आधार-पॅनवर फुकटात होते, एजंटच्या नादी लागू नका. नोंदणीआधीच्या कामाला ती सहसा लागू पडत नाही. ते बिल मी दुसऱ्या शूटच्या मोठ्या फाइल्स अडवून वसूल केलं.

आता प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचा उल्लेख असतो. पैसे द्यायची मुदत लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५. मुदत चुकली तर चक्रवाढ व्याज. शिवाय पैसे चुकते होईपर्यंत काम घेणाऱ्या कंपनीला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. खरी मेख इथेच! मार्चमध्ये त्यांचाच अकाउंटंट फोन करतो, "सर, बँक डिटेल्स पाठवता का?"