चार-सहा महिने गाडी बंद ठेवताय? या चुका टाळा

पुण्यात गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये पडून राहण्याचं कारण बऱ्याच घरांत एकच असतं: मुलं अमेरिकेत. एप्रिल-मेमध्ये जायचं, दिवाळीच्या आत परतायचं. म्हणजे गाडी बंद राहते ती नेमकी पावसाळ्यात. यूट्यूबवरचे सल्ले मात्र बर्फाळ देशांतले. अँटिफ्रीझ तपासा, रस्त्यावरचं मीठ धुऊन काढा, वगैरे. कोथरूडच्या गॅरेजला त्यांचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडे गाडी बिघडते ती ओलीनं, उंदरांनी आणि शेजाऱ्यांच्या सद्‌भावनेनं.

‘दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करा’

सगळ्यांत लोकप्रिय चूक हीच. जाताना चावी शेजारच्या काकांकडे द्यायची आणि ‘अधूनमधून जरा चालू करत जा’ म्हणून सांगायचं. काका इमानेइतबारे खाली येतात, सेल्फ मारतात, पाच मिनिटं इंजिन घरघरू देतात आणि बंद करून वर चहाला जातात. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढा करंट ओढला जातो, तेवढा पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरेलच असं नाही. दर रविवारी थोडी-थोडी करत बॅटरी उतरत जाते.

त्याहून वाईट म्हणजे इंजिन धड तापत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी रस्त्यावर पळाली की ती सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिनात मात्र तिचं पाणी होऊन ते सायलेन्सरमध्ये आणि थोडंफार ऑइलमध्ये साचतं. सायलेन्सर आतून गंजतो. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं.

म्हणून दोनच मार्ग ठेवा. भाच्याकडे किंवा मित्राकडे चावी द्यायची असेल, तर दर पंधरा दिवसांनी निदान वीस-पंचवीस मिनिटं गाडी खरोखर रस्त्यावर चालली पाहिजे. कोथरूडहून बाणेरला जाऊन परत आलं तरी चालेल. एवढं करायला कोणी नसेल, तर इंजिनाला हातच लावू नका. बंद गॅरेजमध्ये शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवणं तर कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बॅटरी तशीच जोडून जाणं

गाडी लॉक केली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि नव्या गाड्यांत मोबाइलला जोडलेली यंत्रणा करंट खातच राहते. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली जाऊन ती महिनोन्‌महिने पडून राहिली, की आतल्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि मग चार्जिंगला लावूनही ती पूर्वीसारखी होत नाही. उपाय सोपा आहे: निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला ठेवा. बहुतेक गाड्यांत दहा नंबरच्या पान्याचं दोन मिनिटांचं काम. गॅरेजमध्ये प्लग पॉइंट असेल, तर भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर लावून ठेवणं अधिक चांगलं.

टर्मिनल काढण्याआधी थोडा विचार मात्र करा. नंतर सेंट्रल लॉकिंग चालणार नाही, तेव्हा बाकीची दारं आतून लॉक करून घ्या. रिमोटच्या आत लपलेली धातूची किल्ली दाराला खरंच लागते का, तेही आधीच पाहा. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो बॅटरी तोडण्यापूर्वी सोडा, नाहीतर परत आल्यावर बॅटरीशिवाय तो सुटणार नाही.

धुतली, लावली, हँडब्रेक ओढला

गाडी स्वच्छ करून ठेवणं बरोबरच आहे. पण धुतल्यावर लगेच जागेवर लावली, की ब्रेक ओलेच राहतात. त्यात हँडब्रेक करकचून ओढलेला आणि वर चार महिन्यांचा पावसाळा. मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. आल्यावर गाडी जागची हलत नाही आणि माणसं अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसतात.

धुतल्यावर गाडी हायवेला काढा. देहूरोडपर्यंत जाऊन आलात तरी ब्रेक सुकतात आणि सायलेन्सरमधलं पाणीही जातं. मग सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पी वर) लावा, हँडब्रेक सोडा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा लावा. टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेल्यापेक्षा ४-५ पीएसआय हवा जास्त भरा, टायरवर छापलेली कमाल मर्यादा न ओलांडता. महिन्यातून एकदा कोणी ठोकळे काढून, गिअर न्यूट्रल करून गाडी हातभर पुढे-मागे ढकलली, तर टायर एकाच जागी चपटा होत नाही. यासाठी इंजिन चालू करावं लागत नाही, हेही त्या माणसाला सांगून ठेवा.

जागा न बघता गाडी लावणं

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला, तेव्हा सहकारनगर-अरण्येश्वर भागात पार्किंगमधल्या गाड्या वाहून गेल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. ओढ्या-नदीच्या काठची स्टिल्ट पार्किंग किंवा कुठलंही बेसमेंट पावसाळ्यात भरवशाचं नाही. चढावरच्या भागात नातेवाइकांची जागा मिळत असेल, तर संकोच न करता मागा.

आणि पाणी शिरलंच, तर? काकांनी ‘बघू चालू होते का’ म्हणून सेल्फ मारता कामा नये. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत साधारणपणे भरून मिळत नाही. त्यासाठी पॉलिसीला जोडून ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं. गाडी टो करून न्यायची, बास.

प्लास्टिकचं कव्हर आणि आतली बुरशी

प्लास्टिकचं कव्हर पाऊस अडवतं आणि ओल आत कोंडून ठेवतं. बंद गॅरेज असेल तर जुनी सुती चादरही पुरते. उघड्या पार्किंगला हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या. आतले मॅट उचलून खालचा गालिचा हातानं चाचपा. तिथली ओल दिसत नाही, पण पहिली बुरशी तिथूनच येते. शेवटच्या फेरीत एसी बंद करून दहा मिनिटं नुसता ब्लोअर चालवा म्हणजे कूलिंग कॉइल सुकते. मग हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबून ठेवा. बाहेरच्या हवेचा मार्ग बंद झाला की उंदरांची एक वाट कमी होते.

उंदरांसाठी विष

विष खाल्लेला उंदीर नेमका ब्लोअरच्या डक्टमध्ये जाऊन मरतो आणि पुढचं वर्षभर त्याची आठवण येत राहते. बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवायचा उपाय बरेच मेकॅनिक सांगतात. वास आहे तोवर थोडा उपयोग होतो, पण पानं महिन्याभरात बदलणार कोण? त्यापेक्षा गॅरेजमधली कुत्र्याच्या खाण्याची पिशवी, रद्दी आणि कचऱ्याचा डबा हलवा. डॅशबोर्डच्या खणातले शेंगदाणे-बिस्किटंही काढा. इंजिनात हवा जाणाऱ्या पाइपवर जाळी लावली किंवा बोळा कोंबला, तर स्टिअरिंगला ठळक चिठ्ठी बांधा, नाहीतर तो तसाच ठेवून गाडी सुरू होईल.

टाकी आणि कागदपत्रं

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा जास्त, म्हणून टाकी भरून ठेवा. सीएनजी असेल तर सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. जुनं इंजिन ऑइल जाण्याआधीच बदला, परत आल्यावर नको.

‘गाडी चालणारच नाही, मग विमा कशाला?’ हा हिशेब महागात पडतो. झाड उभ्या गाडीवरच पडतं. शिवाय पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की इतकी वर्षं जमलेला नो क्लेम बोनस जातो. पीयूसी मधेच संपत असेल तर जाण्यापूर्वी करून घ्या.

परत आल्यावर

लगेच चावी फिरवू नका. आधी बॉनेट उघडून घरटं, कुरतडलेल्या वायरी आणि ऑइल-कूलंटची पातळी पाहा. गाडीखाली डाग आहे का ते बघा, टायरमधली हवा नेहमीइतकी करा, आणि मग टर्मिनल जोडा.

नुसती टकटक आणि मंद दिवे म्हणजे बॅटरी उतरलेली आहे. जम्प केबल लावून चालू झाली तरी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्यापेक्षा मेकॅनिकला घरी बोलवा. या शहरात बहुधा उंदरानं वायर तोडलेली असते. इंजिन चालू आहे पण गाडी हलत नाही, तर ब्रेक चिकटलेत. हलकेच पुढे-मागे करून पाहा, नाही सुटले तर चाक खोलावं लागेल. पहिल्या काही ब्रेकला खरखर येते ती डिस्कवरच्या गंजाची, एक-दोन किलोमीटरमध्ये जाते. त्यानंतरही आली किंवा पेडल खोल जात असेल, तर तिथेच थांबा.