पहिला फ्रेटलेस बेस घेताना फोनमधला ट्यूनर वापरा

फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेला बेस गिटार दुकानात हातात घेतला की सूर हलतो, आणि चूक बोटाची की वाद्याची, हेच कळत नाही. पाच मिनिटांत ते ठरवता येतं.

१. चारही तारा ट्यूनरवर नीट लावा.

२. बाराव्या फ्रेटच्या जागी तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा घंटेसारखा स्वर) वाजवा. मग तिथेच तार दाबून वाजवा. बोट फ्रेटच्या जागी आखलेल्या रेघेच्या मागे नको, बरोबर रेघेवर हवं; फ्रेटवाल्या गिटारची सवय इथे नडते. दाबलेला स्वर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल (तार जिच्यावर टेकते ती छोटी सरकती घोडी) मागे सरकवून घ्या, उतरा आला तर पुढे.

३. मानेच्या कडेचे ठिपके तपासा. जाड ई तारेवर पाचव्या फ्रेटची खूण असलेल्या ठिपक्यासमोर दाबा. ट्यूनरवर ‘ए’ आला तर ठिपके खऱ्या जागी आहेत. बराच उतरा आला तर ते दोन फ्रेटच्या मध्ये आहेत, आणि घरी रोज गोंधळ उडेल.

४. प्रत्येक तारेवर बोट सावकाश वरपर्यंत घसरवा. एकाच जागी आवाज मेला किंवा खरखरला तर तिथे बोर्डाला (मानेवरची, बोटं टेकवायची लाकडी पट्टी) उंचवटा किंवा खड्डा असू शकतो.

रेघा आखलेला बोर्डच घ्या. कोरा बोर्ड दिसतो झकास, पण छंद म्हणून आठवड्यातून दोनदा वाजवणाऱ्याला रेघांची लाज कसली!

एक सांभाळा: राउंडवाउंड (खरबरीत वेढ्यांच्या) तारा उघड्या रोजवुडच्या बोर्डाला चरे पाडतात. दुकानातून निघतानाच फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, चपट्या वेढ्यांच्या) तारा चढवून घ्या.