रखडलेल्या लोहमार्गावर कोळशाच्या गाड्या सुरू होताना गावाने करावयाची तयारी

झारखंडच्या लातेहार आणि चतरा जिल्ह्यांतून जाणारा टोरी–शिवपूर हा सुमारे 44 किलोमीटरचा लोहमार्ग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मंजूर झाला. परंतु वनमंजुरी आणि भूसंपादनात तो इतका अडकला, की टोरी–बालूमाथ हा पहिला टप्पा सुरू व्हायला 2018 साल उजाडले. मगध आणि आम्रपाली या खाणींतील कोळसा बाहेर काढणे, हा त्याचा मुख्य हेतू. अशा मार्गालगतच्या गावांनी वेळीच काही कामे करून घेणे गरजेचे आहे.

सर्वांत आधी पाण्याचा आणि वाटांचा विचार करावा. रेल्वेचा भराव पावसाचे पाणी अडवतो. मोरी (भरावाखालून पाणी जाण्याची वाट) चुकीच्या जागी किंवा अपुरी असेल, तर वरच्या अंगाच्या शेतात पाणी साचते आणि खालच्या अंगाची विहीर कोरडी पडू शकते. म्हणून एका पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे तुंबते आणि कोणत्या भुयारी मार्गात साचते, याची गट क्रमांकांसह नोंद करावी, तारीख असलेली छायाचित्रे जोडावीत आणि ग्रामसभेच्या ठरावासह विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे संयुक्त पाहणीची मागणी करावी. टोरी–शिवपूरसाठी हे कार्यालय धनबादला आहे.

या मागणीला कायद्याचा आधार आहे. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 16 नुसार मार्गामुळे तुटलेल्या जमिनींसाठी वाटा, पूल, मोऱ्या आणि नाले बांधून देणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक आहे. मात्र मार्ग सार्वजनिक वाहतुकीसाठी खुला होऊन 10 वर्षे उलटल्यानंतर जमीनधारकाने मागितलेल्या जादा कामाचा खर्च सोसण्याची सक्ती रेल्वेवर राहत नाही. राज्य सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने जादा कामाची मागणी केली, तर त्याचा खर्चही त्यांनाच सोसावा लागतो. 2018 पासून मोजले, तर बालूमाथपर्यंतच्या टप्प्याची ही मुदत 2028 मध्ये संपते. एखादे काम नको म्हणून पूर्वी कोणी मोबदला घेतला असेल, तर त्या कामावर पुन्हा हक्क सांगता येत नाही. तेव्हा संपादनाची जुनी कागदपत्रे आधी वाचून घ्यावीत. माझ्या मते सगळ्या तयारीत पाण्याची आणि वाटांची ही मागणी मुदतीत करणे सर्वांत निकडीचे आहे, कारण बाकीची उणीव पुढेही भरून काढता येईल.

दुसरे काम सवयी मोडण्याचे. वर्षानुवर्षे गाडी न आलेला भराव गावाच्या अंगवळणी पडलेला असतो. त्यावरून मुले शाळेत जातात, गुरे चरतात. कोळशाच्या पूर्ण रेकमध्ये (एका गाडीला जोडलेल्या डब्यांच्या रांगेत) साधारण 58 वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, असतात, भरलेल्या गाडीचे वजन 5,000 टनांच्या पुढे जाते आणि लांबी सुमारे 650 मीटर भरते. अशी गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती पूर्ण निघून जायला जवळजवळ एक मिनिट लागते, आणि समोर जनावर दिसल्यावर लोको पायलटने ब्रेक लावला, तरी ती जागेवर थांबत नाही. विजेवर चालणाऱ्या इंजिनाचा आवाज वाऱ्याच्या उलट दिशेला फार उशिरा ऐकू येतो, हे मुलांना आवर्जून सांगावे. दुहेरी मार्ग असल्यास एक गाडी गेल्याबरोबर रूळ ओलांडू नयेत. तिच्याआडून दुसरी येत असू शकते.

विद्युतीकरण झालेल्या मार्गावरील तारेत 25,000 व्होल्टचा दाब असतो. तिच्यापासून किमान दोन मीटर अंतर राखावे. कडबा किंवा बांबू उंच रचलेली ट्रॉली फाटकावरील उंचीमर्यादेच्या कमानीखालून सहज जात नसेल, तर भार उतरवूनच पुढे न्यावी.

वाघिणींच्या दारांतून कोळसा रुळालगत सांडतो. तो वेचायला कोणालाही पाठवू नये; त्यात जिवाला धोका आहे आणि चोरीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

धुळीचा उपाय मात्र गावात नसून भरणीच्या ठिकाणी आहे. भरलेला कोळसा सपाट करणे, त्यावर पाणी फवारणे आणि ताडपत्री घालणे, ही मागणी खाण कंपनी आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांकडे एकाच वेळी लेखी करावी. सोबत धूळ बसलेल्या पिकांची आणि गाडी गेल्याच्या वेळांची नोंदवही जोडावी. रूळ किंवा फाटकाजवळ तातडीचा धोका दिसल्यास 139 या क्रमांकावर फोन करावा आणि जवळच्या खांबावरील किलोमीटर क्रमांक सांगावा, म्हणजे नेमकी जागा लगेच कळते.