प्रेमकथेतला हॅकर आणि गोडबोल्या चोर: लिहिताना या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा माझ्याकडे येतो. संपादक मित्र तो मुद्दाम मला वाचायला देतो, कारण हल्ली बऱ्याच प्रेमकथांचा नायक एकतर हॅकर असतो नाहीतर गोड बोलणारा भामटा, आणि माझं गोव्यात म्हापशाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हलकीफुलकी प्रेमकथा मला मनापासून आवडते. कदंब बसमध्ये उभ्यानं प्रवास करून घरी आलेल्या माणसाला तासभर खुलवणं हे जबाबदारीचं काम आहे. म्हणून ते उरकून टाकलेलं दिसलं की मला राग येतो. चुका दरवर्षी त्याच असतात. लिहिणाऱ्यानं थोडा वेळ दिला तर त्यातली एकही उरणार नाही.

खटाखट टाइप केलं आणि फोन उघडला

त्याची बोटं की-बोर्डवर नाचतात, हिरवी अक्षरं धावतात आणि दोन मिनिटांत तिचा फोन त्याच्या स्क्रीनवर उघडा पडतो. असं काही होत नाही. आजच्या फोनमधला मजकूर कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली पासकोडशी बांधलेली असते. आयफोनवर चुकीचा पासकोड टाकत राहिलात तर तो आधी मिनिटभर थांबायला लावतो, मग पाच मिनिटं, मग पंधरा. फोन बंद करून पुन्हा चालू केला तर पहिल्या खेपेला बोटाचा ठसाही चालत नाही, पासकोडच लागतो. वारलेल्या वडिलांच्या फोनमधले फोटो काढून द्या म्हणून लोक माझ्याकडे येतात. पासकोड कुणालाच ठाऊक नसतो, आणि मला नाही म्हणावं लागतं. ज्याचं काम रोज फोन उघडण्याचं, त्याची ही गत. तुमचा नायक मिरामारच्या किनाऱ्यावर बाकावर बसून हे करतो तेव्हा माझा त्याच्यावरचा विश्वास तिथेच उडतो, आणि पुढचं त्याचं प्रेमही मला खरं वाटत नाही.

मग चोर फोनमध्ये शिरतात कसे? विचारून. अमेरिकेतला हॅकर केव्हिन मिटनिक १९९५ मध्ये पकडला गेला. संगणकाइतकाच तो टेलिफोनवर बोलण्यात तरबेज होता. समोरच्याला आपण त्याच्याच कंपनीतले आहोत असं पटवायचं आणि हवी ती माहिती त्याच्याच तोंडून काढून घ्यायची. आमच्या बार्देश तालुक्यात हे कसं चालतं ते सांगतो.

एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. फोन बिघडलाय, सकाळपासून एकही कॉल येत नाही, एवढीच त्यांची तक्रार. मी माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावला. रिंग वाजली, पण त्यांच्या हातातला फोन गप्प. कॉल भलतीकडेच जात होते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी कुरियरवाल्याचा फोन आला होता. मुलगा शुद्ध मराठीत बोलत होता. पार्सल मुलीकडून आलंय म्हणाला. बाईंची मुलगी परगावी असते हे त्यांच्याच बोलण्यातून त्यानं आधी काढून घेतलं होतं. जिने चढायचा त्रास नको, मी पोरगा वरपर्यंत पाठवतो, फक्त त्याच्याशी संपर्क व्हावा म्हणून एवढा नंबर लावा, असं त्यानं सांगितलं. नंबर होता स्टार ४०१ स्टार आणि पुढे दहा आकडे. बाईंनी लावला. त्या क्षणापासून त्यांचे सगळे कॉल त्याच्या फोनवर जायला लागले. मग त्यानं बाईंच्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, पडताळणीचा कोड कॉलवरून मागवला, आणि तो कॉल अर्थातच त्यालाच आला. रात्री बाईंच्या नावानं त्यांच्या भाच्यांना, शेजाऱ्यांना, जुन्या विद्यार्थ्यांना निरोप गेले: अडचणीत आहे, थोडे पैसे पाठव. बाईंचा शब्द म्हणून दोघातिघांनी पाठवलेही.

मी हॅश हॅश ००२ हॅश लावून वळवलेले कॉल बंद केले, त्यांच्या नंबरावर पुन्हा कोड मागवला आणि चोराला व्हॉट्सअ‍ॅपमधून बाहेर काढलं. पण जाण्यापूर्वी त्यानं दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन स्वतःचा घालून ठेवला होता. तो पिन माहीत नसला की सात दिवस थांबावंच लागतं. त्या सात दिवसांत बाई प्रत्येकाला फोन करून माफी मागत राहिल्या. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी त्या पोराला नावं ठेवायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पण माझ्या गुडघ्यांची चौकशी त्यानं स्वतःहून केली हो."

कथालेखकांनो, तुमचा मोहक गुन्हेगार इथे आहे. तो की-बोर्डवर नाही, त्या चौकशीत आहे. एकट्या माणसाला काय ऐकायचंय ते ओळखणं ही त्याची कला, आणि तेच त्याचं पाप. नायकाला ही कला द्या, मग ती खऱ्या भावनेनं वापरायची वेळ आल्यावर त्याची जीभ अडखळू द्या. त्या अडखळण्यातून प्रेमकथा सुरू होते. एक सावधगिरी: हा स्टार ४०१ चा डाव आजच्या कथेत जसाच्या तसा घालू नका. दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून कोड लावून कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली. कथा त्याआधीची असेल तर खुशाल घाला.

माझी स्वतःची सवय सांगतो. दुकानात कुणीही फोन दिला की परत देण्यापूर्वी मी व्हॉट्सअ‍ॅपचा तो सहा आकडी पिन त्यांच्याच हातानं घालून घेतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, घाई आहे म्हणतं. मी फोन देत नाही.

'अदृश्य ओटीपी' आणि इतर किरकोळ

ओटीपी हवेतून पकडणारा नायक नको. तिच्या नंबराचं नवं सिम काढून घेणारा चालेल, म्हणजे तिच्या फोनमधलं जुनं सिम बंद पडतं, पण मग वेळेचा हिशोब नीट ठेवा. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस चालत नाहीत. म्हणजे चोराला एक दिवस थांबावं लागतं, आणि कथेला आयता ताण मिळतो. नायिका रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत आहे, फोनवरची रेंज गेली, तिला वाटतं नदीत असंच होतं. पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावरही रेंज आलेली नसते. एवढं लिहिलंत तरी माझ्यासारखा वाचक सावरून बसेल.

यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. नायक नायिकेला पैसे 'मिळवण्यासाठी' पिन टाकायला सांगत असेल तर तो ठग आहे, आणि हे वाचकाला तिच्याआधी कळायला हवं.

पेगॅसस हे फोनवर हेरगिरी करणारं, सरकारांना विकलं जाणारं हत्यार आहे. ते फर्मागुडीच्या वसतिगृहातल्या पोराच्या लॅपटॉपवर नसतं.

सिम मोडून फेकलं म्हणजे माग पुसला असं नाही. फोनला स्वतःचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो. तुमच्या फोनवर स्टार हॅश ०६ हॅश लावून बघा, मग लिहा.

फोन गरम होतो म्हणजे हॅक झाला, हे दुकानात ऐकतो तेवढं पुरे. कथेत नको.

आणि फोंड्याची नायिका दर शनिवारी मांडवीतल्या कॅसिनोत खेळताना दाखवू नका. फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे. ती तिथे नोकरी करत असू शकते, आणि ती नायिका मला जास्त आवडेल.

शोभराजला नायक करणं

गोव्यातला मोहक गुन्हेगार म्हटलं की नवोदितांना एकच माणूस आठवतो. १६ मार्च १९८६ रोजी चार्ल्स शोभराज तिहार तुरुंगातून पळाला. वाढदिवसाचं निमित्त करून त्यानं पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खाऊ घातली होती. तीन आठवड्यांत, ६ एप्रिलला, पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला पकडलं. पुढे त्या हॉटेलात त्याचा पुतळाही बसवला गेला. एवढं वाचून लोक लिहायला बसतात: पांढरा शर्ट, गॉगल, फ्रेंच उच्चार, आणि त्याच्यावर भाळलेली पणजीची मुलगी.

हा माणूस खुनी होता. थायलंड, नेपाळ, भारत या वाटेवरच्या तरुण प्रवाशांशी तो मैत्री करायचा, आजारी पडले तर औषध द्यायचा, आणि ते औषधच विष असायचं. नेपाळमध्ये १९७५ मधल्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली, तिथल्या तुरुंगातून तो डिसेंबर २०२२ मध्ये सुटला. ज्यांची पोरं सुट्टीवर गेली आणि परत आली नाहीत, त्या घरांना हा गॉगल दिसत नाही. हलक्याफुलक्या कथेचा पाया म्हणून असा माणूस घेणं मला सहन होत नाही, आणि अशी कथा मी पुढे पाठवत नाही.

या प्रसंगातून नायक घ्यायचाच असेल तर टेबलावर बसून वाट बघणारा अधिकारी घ्या. झेंड्यांनी शोभराजला १९७१ मध्येही पकडलं होतं, म्हणून त्याचा चेहरा त्यांना ठाऊक होता. पंधरा वर्षांनंतर तोच चेहरा हॉटेलच्या गर्दीत ओळखायचा, हाताशी मोबाईल नाही, कॅमेरे नाहीत. असा अधिकारी आणि त्याला रोज तेच जेवण वाढणारी एखादी पर्वरीची मुलगी, ही प्रेमकथा अजून कुणीच माझ्याकडे पाठवलेली नाही.

चोर नायकच हवा असेल तर त्याच्या गुन्ह्याला मर्यादा घाला आणि ज्याचं नुकसान झालं त्याला कथेत जागा द्या. नवोदितांना मी सांगतो, आधी अर्धं पान फसवल्या गेलेल्या माणसाच्या बाजूनं लिहा. ते छापायचं नाही. पण ते लिहिल्यावर नायकाच्या तोंडचे अर्धे विनोद तुम्ही स्वतःच खोडाल. बहुतेक जण हे करत नाहीत, वेळ नाही म्हणतात. अंतिम तारखेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांत कथा पाठवणाऱ्याकडे वेळ कुठून असणार?

तिचा फोन वाचणारा प्रेमी

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण लिहिणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. नायक तिच्या नकळत तिचे निरोप वाचतो, तिला बेबिंका हा गोव्यातला थरांचा गोड पदार्थ आवडतो हे त्यातून कळतं, आणि वाढदिवसाला तो दारात बेबिंका घेऊन उभा. ती विरघळते.

दुकानात मुलगे येतात. गर्लफ्रेंडच्या फोनवर गुपचूप एक अ‍ॅप टाकून द्या म्हणतात, पैसेही दुप्पट देऊ करतात. काही तर लाजतही नाहीत, 'प्रेम आहे म्हणून' म्हणतात. मी त्यांना बाहेरची वाट दाखवतो. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा निरोपांवर तिच्या मर्जीविरुद्ध पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेलाच तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या मुलांना हे गोड वाटायला कुठून तरी शिकवलं गेलंय, आणि त्यात आपल्या कथांचा वाटा आहे असं मी मानतो.

बदल सोपा आहे. तिचा फोन त्याच्या हातात द्या, उघडा, निरोप समोर. ती आंघोळीला गेली आहे, किंवा फेरीबोटीचं तिकीट काढायला. त्याला वाचता येतं, ते करण्यातच त्याची हयात गेलीय. तो स्क्रीन बंद करून फोन पालथा ठेवतो. आणि बेबिंक्याचं तिला सरळ विचारतो.

तिनं तक्रार मागे घेतली, तो सुटला

शेवटच्या पानावर ही ओळ हमखास असते. तोतया बनून संगणकाच्या मदतीनं फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद. अशा गुन्ह्यांत न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड होऊ शकते, पण फसवली गेलेली व्यक्ती स्त्री असेल तर त्याच कायद्यात ती तडजोड नाकारलेली आहे. म्हणजे तुमच्या नायिकेनं मिठी मारून माफ केलं तरी खटला तिच्या हातात राहिलेला नसतो.

हे कळल्यावर लेखक हिरमुसतात. मला मात्र यातच चांगला शेवट दिसतो. त्यानं आधी पैसे परत करावेत, तेही तिनं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करण्यापूर्वी नव्हे, नंतर, म्हणजे त्यामागे पळवाट नव्हती हे कळेल. मग म्हापशाच्या कोर्टात तारखा पडू द्या. प्रत्येक तारखेला दोघं भेटतील, वकिलासमोर, बाकावर, कधी नुसतं तारीख पुढे गेली हे ऐकायला. तिला त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा की नाही हे त्या खेपांमध्ये ठरू द्या, आणि पाने वाढली तर वाढू द्या. संपादकाशी शब्दमर्यादेचं मी बोलतो.