टॅलीच्या एक्सएमएलवरून टाइप्स आपोआप कसे काढायचे

सियागंजातल्या मसाल्याच्या एखाद्या होलसेलवाल्याचं काम घेतलं की ठरलेलंच असतं, हिशोब टॅलीत आणि आपल्या हातात एक्सपोर्ट केलेली ही लांबलचक एक्सएमएल फाइल. इंदुरात छोटं-मोठं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ती कधी ना कधी उघडलीच असेल. त्यातला एकेक टॅग बघून हाताने टाइप्स, म्हणजे डेटाचा आकार सांगणारे क्लास, लिहीत बसणं म्हणजे नुसती हमाली, हे काम टूलला करू द्या. फक्त टूलला तुम्ही दाखवाल तेवढंच दिसतं हे लक्षात ठेवा, म्हणून खरी मेहनत नमुने निवडण्यात आणि मधला आराखडा दुरुस्त करण्यात आहे, बाकी सगळं दोन कमांडींचं काम.

आधी समोरच्याला विचारा की एक्सएसडी, म्हणजे एक्सएमएलचा आराखडा सांगणारी फाइल, आहे का. कुठला टॅग कुठे येतो, किती वेळा येतो, त्यात आकडा असतो की अक्षरं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने हे २००१ सालीच ठरवून दिलंय. मिळाली तर सरळ टाइप्स काढण्याच्या पायरीवर जा. दुकानदाराकडे मात्र ती नसतेच, मग आपणच बनवायची.

नमुने गोळा करताना एकच बिल घेऊन बसू नका बरं का. एकाच आयटमचं बिल, भरपूर आयटमचं बिल, माल परत आल्याची क्रेडिट नोट, पेमेंटचं व्हाउचर, जीएसटी नंबर नसलेलं गिऱ्हाईक, आणि परराज्यातलं गिऱ्हाईक, शक्यतो राजस्थान किंवा दिल्लीचं, का ते पुढे येईलच. नमुन्यातल्या सगळ्या बिलांत एकेकच आयटम असला तर टूल म्हणणार की आयटम एकच असतो, आणि पहिलं मोठं बिल आलं की सगळं आडवं.

पुढची पायरी सफाईची. टॅलीच्या फाइलीत कधीकधी 'प्रायमरी' किंवा 'नॉट ॲप्लिकेबल'च्या आधी अँपरसँड, हॅश, चार, सेमीकोलन असं काहीतरी दिसतं. तो चार नंबरचा कंट्रोल कॅरेक्टर आहे आणि एक्सएमएल १.० मध्ये तो चालतच नाही, त्यामुळे पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, तिथेच थांबतो. पार्स करायच्या आधी साधं फाइंड-रिप्लेस करून उडवून टाका. एन्कोडिंगही बघून घ्या, फाइल यूटीएफ-१६ असू शकते.

आता जेम्स क्लार्कचं ट्रँग घ्या, नमुन्यांवरून एक्सएसडी बनवणारं टूल, जुनं आहे पण काम चोख करतं. जावा लागतं. जार फाइल चालवायची, पुढे सगळ्या नमुना फाइलींची नावं द्यायची आणि शेवटी जी एक्सएसडी हवी तिचं नाव, झालं.

ही एक्सएसडी उघडून नीट वाचायची, इथे घाई नको. ट्रँग अंदाज बांधतं आणि ते अंदाज कुठे फसतात ते ठरलेलं आहे. जिऱ्याचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा नंबर) ०९०९, सगळे आकडेच, म्हणून ते त्याला इंटिजर, म्हणजे पूर्णांक, करणार आणि पुढे सुरुवातीचं शून्य गेलं की उरतं ९०९. राज्याच्या कोडचंही तसंच, मध्य प्रदेशचा २३ असल्यामुळे इथल्या इथे काही कळत नाही, राजस्थानचा ०८ किंवा दिल्लीचा ०७ आला की कळतं. ज्याची बेरीज-वजाबाकी होत नाही ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, करून टाका. पार्टीचं नाव सगळ्या नमुन्यांत एकाच शब्दाचं निघालं तर एनसीनेम असा प्रकार दिसेल, त्यात स्पेस चालत नाही, तेही स्ट्रिंग करा. तारीख २०२४०४०१ अशी सलग येते, एक्सएसडीच्या तारखेला मध्ये डॅश लागतात, म्हणून स्ट्रिंगच ठेवा आणि आठ आकड्यांचा पॅटर्न लावा. 'येस' आणि 'नो'ला बूलियन करू नका, तिथे फक्त ट्रू-फॉल्स नाहीतर १-० चालतं, या दोघांची एनम, म्हणजे ठरलेल्या किमतींची यादी, बनवा. प्रमाण '१० किलो' असं युनिटसकट येतं, तेही स्ट्रिंग. रकमेला मात्र डेसिमलच, फ्लोट अजिबात नाही, पैशांची बाब आहे. आयटमच्या टॅगला मॅक्सऑकर्स अनबाउंडेड, म्हणजे कितीही वेळा येऊ शकतो असं, आहे ना ते बघा, आणि जो टॅग कधी असतो कधी नसतो त्याला मिनऑकर्स शून्य.

मग टाइप्स. पायथॉनवाल्यांनी एक्सएसडीवरून क्लास काढणारं एक्सएसडेटा घ्यावं, इन्स्टॉल करताना चौकोनी कंसात सीएलआय लिहायला विसरू नका, मग जनरेट, एक्सएसडीचं नाव आणि पॅकेजचं नाव एवढं दिलं की डेटाक्लास तयार. अनबाउंडेडची लिस्ट होते, डेसिमलचा पायथॉनचा डेसिमल होतो. टॅलीच्या टॅगच्या नावात मध्येच ठिपका असतो, तो पायथॉनच्या नावात चालत नाही, म्हणून टूल नाव बदलतं आणि मूळ टॅग मेटाडेटात जपून ठेवतं. सी शार्पला हेच काम करणारं एक्सएसडी डॉट ईएक्सई आहे. जावाला एक्सजेसी, पण जावा ११ पासून ते जेडीकेबरोबर येत नाही, वेगळं घ्यावं लागतं.

टाइपस्क्रिप्टवाल्यांनी जरा जपून. तिथले टाइप्स प्रोग्राम चालताना नसतातच, आणि फास्ट-एक्सएमएल-पार्सर ही एक्सएमएल वाचणारी लायब्ररी एकच आयटम असला की ऑब्जेक्ट देते, दोन असले की ॲरे, तुमच्या टाइपमध्ये काही का लिहिलेलं असेना. इझ-ॲरे ऑप्शनमध्ये आयटमचा टॅग सांगून ठेवा, आणि आकड्यांचं आपोआप रूपांतरही बंद करा नाहीतर ०९०९चं परत तेच.

तयार झालेल्या फाइलीला हात लावायचा नाही, बदल करायचा तो एक्सएसडीत आणि फाइल पुन्हा काढायची. सीआयमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेत, हीच कमांड चालवून गिटमध्ये फरक दिसला तर बिल्ड पाडा, म्हणजे कोणी गुपचूप हाताने बदललं तर पकडलं जाईल.

नवीन गिऱ्हाइकाची फाइल आली की आधी एक्सएमएललिंट या तपासणीच्या टूलने आपल्या एक्सएसडीवर तपासून घ्या. अडकली तर तिला नमुन्यांत टाकून ट्रँग परत चालवा, पण आउटपुट वेगळ्या नावाने काढा हां, नाहीतर हाताने केलेल्या सगळ्या दुरुस्त्या पुसल्या जातील. दोन्ही फाइली डिफमध्ये, म्हणजे फरक दाखवणाऱ्या टूलमध्ये, शेजारीशेजारी ठेवा आणि जेवढं नवीन असेल तेवढंच जुन्यात उचला.